काकूंचा डावा पाय

सिंधूकाकू जीप चालवायला बसल्या की आधी दोन्ही चपला काढून सीटखाली सरकवायच्या. पदर कमरेला खोचायच्या, आरसा उगाचच एकदा पुसायच्या आणि मग उघड्या पावलांनी पेडल चाचपायच्या. बदली होऊन वरवट बकालच्या हायस्कुलात मी नवीन आले होते, तेव्हा मला वाटलं, बाई गाडीला देवासारखी मानत असतील. भाबडेपणानं मी तसं बोलूनही दाखवलं. काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, की माझी भूगोलाची पदवी त्या तिथल्या तिथे जप्त करणार असं वाटलं.

"देव कायचा मॅडम? लोखंड आहे थे. चपलेतून क्लच समजत नाई. तळपायाले समजते. कोठी धरलं, कोठी सोडलं, सारं पाय सांगते. चपला घालून गाडी चालवनं म्हंजे हातमोजे घालून भाकर थापनं."

मी गप्प बसले. काकूंच्या शेजारच्या सीटवर गप्प बसणं ही पुढे माझी सवयच झाली, पण त्याला बरीच वर्षं लागली.

त्यांचं घर आमच्या अगदी समोर. गल्ली इतकी अरुंद, की त्यांच्या फोडणीचा ठसका मला लागायचा आणि माझ्या टीव्हीवरच्या बातम्या त्यांना घरबसल्या ऐकू जायच्या. वय पासष्टीच्या पुढे, अंगानं काटक, बोलणं तोडून टाकल्यासारखं. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा संदीप पुण्यात नोकरीला. इथे काकू, त्यांची जुनी जीप आणि सातपुड्याच्या पायथ्याशी असलेला संत्र्याचा बगीचा. एवढा मोठा बारदाना ही बाई एकटी कशी सांभाळते, याचं गावाला कौतुक होतं आणि थोडा रागही होता. आपल्याकडे कौतुक असं निर्भेळ कोण करतो!

बाईमाणूस असून जीप कुठे शिकलात, असं मी एकदा विचारलं. यजमानांनी हौसेनं शिकवलं असेल, असं एखादं गोड उत्तर मला अपेक्षित होतं.

"हौस कायची? त्याईचा हातच कच्चा होता. चढावर गाडी बंद पाडत. मंग मी उतरून चाकामांगं गोटा लावो. ते पुन्हा चालू करत, पुन्हा बंद पडे, मी पुन्हा गोटा लावो. एक दिवस कंटाळली अन म्हनलं, सरका तिकडे. आता तुमी गोटा लावा."

"आणि ते सरकले?"

"सरकले न. जिंदगीभर गोटा लावला बिचाऱ्यानं." हे सांगताना काकूंचा आवाज किंचित मऊ झाला होता. पण मी पाहतेय हे लक्षात येताच त्यांनी खिडकीबाहेर एका म्हशीला शिवी घातली.

बगीच्याकडे जाणाऱ्या वाटेला रस्ता म्हणणं हा रस्त्यांचा अपमान होईल. डांबर संपलं की काळ्या मातीची पांदण लागते. पावसाळ्यात ती माती चाकाला, चपलेला, बैलाच्या खुराला, जे सापडेल त्याला धरून ठेवते आणि सोडायचं नाव घेत नाही. पांदण संपली की नाला, त्यात गोल गुळगुळीत गोटे. नाल्यापलीकडे मुरमाचा उभा चढ, त्याला सगळे घाटी म्हणतात. तिथून बगीच्याची हिरवी कड दिसते. पांदणीत काकू दुसऱ्या गिअरवर एकदा निघाल्या की क्लचला पायसुद्धा लावायच्या नाहीत, कारण चिखलात क्लच दाबला की गाडीचा जोर तुटतो आणि जोर तुटला की गाडी तिथेच बसते. नाल्यात पहिला गिअर आणि संपूर्ण शांतता. मी एकदा नाल्याच्या मधोमध "अय्या, बगळा!" म्हणाले, तर परत येईपर्यंत त्या माझ्याशी बोलल्या नव्हत्या. घाटी उतरताना ब्रेकला शिवायचं नाही, पहिल्या गिअरवर इंजिनलाच गाडी धरून ठेवू द्यायची, नाहीतर सुट्या गोट्यांवरून गाडी घसरत थेट नाल्यात.

मी रविवारी त्यांच्यासोबत जायची. माझा स्वार्थ संत्र्यांचा होता, ते कबूल करायला मला लाज वाटत नाही. काकू मात्र रोज जायच्या. बगीच्यात कामाला माणसं होती, रोज जाण्यासारखं तिथे खरं तर काही नसायचं. जाऊन त्या सगळ्या ओळींमधून एक फेरी मारायच्या, एखाद्या झाडाची साल नखानं खरवडून बघायच्या, विहिरीत डोकावायच्या आणि जाडजूड बुंध्याच्या एका आंब्याखाली बसून राहायच्या.

"एक दिवस नाही गेलात तर काय बिघडेल काकू?" मी एकदा म्हणाले.

"बिघडनार काई नाई. पन बगीचा ज्याचा असते न मॅडम, थो मनात आलं का जाते. ज्या दिवशी मी कोनाले विचारून तिथं जाईन, त्या दिवशी थो माझा नाई."

हे त्यांनी इतकं सहज सांगितलं, की मी त्यावर हं म्हणून संत्रं सोलत राहिले.

माणसांची प्रतवारी त्या गाडीवरूनच करायच्या. जो धड हो म्हणत नाही आणि धड नाही म्हणत नाही, तो त्यांच्या लेखी 'अर्ध्या क्लचवरचा माणूस'. अर्धवट क्लच दाबून गाडी चालवणाऱ्याचा त्यांना मनापासून तिटकारा होता. गाडी ना चालते ना थांबते, नुसती जळते. गावातले निम्मे पुढारी, आमचे मुख्याध्यापक आणि संदीपला सांगून आलेली पहिली तीन स्थळं या एका शब्दात निकालात निघाली होती. "अन तुमीबी जरा तशाच आहा," असं त्या मलाही अधूनमधून ऐकवायच्या, आणि मी रागावले की पाठीत एक धपाटा घालून हसायच्या.

एका भादव्यात आम्ही पांदणीत फसलो. आदल्या रात्री जोराचा पाऊस झाला होता, समोरून एक बैलगाडी आली, तिला वाट द्यायला काकूंना थांबावं लागलं आणि जीप जी बसली ती बसलीच. मी घाबरीघुबरी झाले. दुपारी शाळेत मीटिंग होती, फोनला रेंज नव्हती, आजूबाजूला नुसती तूर आणि कपाशी. काकूंनी मात्र इंजिन बंद केलं, मागे वळून डबा काढला आणि भाकरीवर ठेचा घेऊन जेवायला सुरुवात केली.

"काकू, काहीतरी करा ना!"

"करून तर राह्यली. जेवा तुमी. आता याच्याशी भांडलं का थो आणखी खाते. जरा वारं लागू द्या मातीले."

भाकरी झाली, पाणी झालं, बडीशेप चघळून झाली. मग त्या उतरल्या, धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, रचून ठेवलेल्या गेल्या सालच्या वाळक्या पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची झाडं, कवेत भरून आणल्या आणि चारी चाकांपुढे आडव्या अंथरल्या. मलाही लावलं कामाला. माझी साडी चिखलानं भरली. मग त्या पुन्हा बसल्या, पाय चाचपले, आणि जीप एखाद्या म्हातारीसारखी कण्हत त्या काड्यांवरून बाहेर आली. मी टाळ्या वाजवल्या. काकू म्हणाल्या, "उगी राहा. पांदन संपली नाई आजून."

त्या दिवशीच्या काकूच मला आठवाव्यात, असं मला फार वाटतं. पण आठवणी आपल्या सोयीनं थोड्याच येतात.

पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. बाजाराच्या दिवशी काकू पिशवी घेऊन माझ्यापुढे चालल्या होत्या. बघते तर डाव्या पायात चप्पलच नाही. मागे वळून पाहिलं, तर चप्पल किराणा दुकानासमोर उलटी पडलेली. मला हसू आलं. "काकू, चप्पल सोडून आलात की!" त्या थांबल्या. खाली पाहिलं. उन्हानं तापलेली फरशी, त्यावर त्यांचा उघडा डावा पाय, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नाही. चटका बसलेल्या माणसाचा चेहरा असा नसतो. माझं हसू तिथेच विरलं.

"कवा पडली?" त्यांनी मलाच विचारलं.

मग एकेक गोष्ट उलगडायला लागली. जीप निघताना झटके द्यायला लागली होती. नाल्यात बंद पडायची. करपल्याचा वास यायचा. स्टँडजवळच्या गॅरेजमध्ये रफीकभाईंनी क्लचप्लेट बदलली, आणि थोड्याच दिवसांत ती पुन्हा जळाली. रफीकभाई काकूंची जीप यजमान होते तेव्हापासून बघत आले होते. जळकी प्लेट त्यांनी उजेडात धरून पाहिली.

"काकू, बुरा मानू नका. पाय क्लचवर ठेवून चालवून राह्यल्या का तुमी?"

दुसऱ्या कुणी हे विचारलं असतं तर काकूंनी त्याला स्टँडपर्यंत ऐकू जाईल असं सुनावलं असतं. पण त्यांनी नुसती प्लेट हातात घेऊन उलटीसुलटी करून पाहिली. परत येताना गल्लीच्या तोंडाशी म्हणाल्या, "मले वाटते मी पाय उचलला. पाह्यतो तं थो तिथंच असते." बस, एवढंच. उभ्या आयुष्यात ज्या गोष्टीसाठी त्यांनी लोकांना नावं ठेवली, तीच त्यांचा पाय त्यांच्या नकळत करत होता. मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

अकोल्याच्या डॉक्टरांनी फोटो काढले आणि सांगितलं, कमरेतली नस दबली आहे. वर्षानुवर्षं जीपचे दणके बसले त्याचं फळ. ऑपरेशन झालं. दुखणं थांबलं, पण डाव्या पावलातली जाणीव परतली नाही. डॉक्टर म्हणाले, येईल कदाचित, नाहीही येणार. क्लचची गाडी मात्र विसरा. उजवा पाय ठणठणीत होता. काकू संध्याकाळी ओट्यावर बसून सुईनं डावा तळवा टोचत बसायच्या. मला बघवायचं नाही. मी ओरडायची, तर म्हणायच्या, "दुखून तर नाई राह्यलं न मॅडम. दुखलं असतं तं मी टोचलं असतं का?"

ड्रायव्हर ठेवून पाहिला. पहिला दोन दिवसांत पळाला, कारण काकू शेजारी बसून प्रत्येक खड्ड्याला त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या. दुसरा सोशिक होता, पण एका सकाळी फोन करून म्हणाला, "आज नाई जमत काकू, उद्या जाऊ." काकू सबंध दिवस ओट्यावर बसून होत्या. तयार होऊन, पदर खोचून. संध्याकाळी त्याला कायमचं नको म्हणून सांगितलं.

मग पुण्याहून संदीप आला. संदीप मुलगा चांगला. बोलतो पुण्यासारखं, पण चिडला की त्याचं पुणं गळून पडतं. ओट्यावर बैठक भरली. काकू, संदीप, खास बोलावलेले रफीकभाई आणि न बोलावलेली मी.

"आई, ऑटोमॅटिक गाडीला डावा पाय लागतच नाही," संदीपनं सुरुवात केली. "तिला क्लचच नसतो. गिअर आपोआप पडतात. चारही चाकांना जोर असलेली, डोंगरात चालणारी गाडी बघून ठेवलीय मी. वापरलेली आहे, पण सुस्थितीत आहे."

"क्लच नसते तं गाडी समजते कशी?"

"गाडीचं गाडी समजून घेते."

"मंग मी काहाले बसू तिच्यात?"

रफीकभाई तोंड फिरवून हसले. संदीपनं त्यांच्याकडे मदतीसाठी पाहिलं. रफीकभाईंनी चहाचा कप खाली ठेवला.

"सच बोलू का काकू? नाल्यात, गोट्यांवर आटोमॅटिक चांगली. झटका नाई, बंद पडाची झंझट नाई, हळूहळू सरकत चढते. चिखलातबी बुरी नाई. पन उतारावर तुमच्या जीपवानी धरून ठेवत नाई. अन रानात बॅटरी बसली तं धक्का मारून चालू होत नाई. बिघडली तं माझ्याकडं आनू नका, मले थे काम येत नाई."

"म्हंजे जीपच चांगली."

"जीप चांगलीच आहे काकू." रफीकभाई पुढे काही बोलणार होते, पण त्यांची नजर काकूंच्या डाव्या पायाकडे गेली आणि ते थांबले. आम्ही सगळेच तिकडे बघत होतो. काकूंनी पाय साडीखाली ओढून घेतला, म्हणजे दोन्ही हातांनी धरून घेतला.

"आई, नाईतं बगीचा बटईनं देऊन टाक अन चल माझ्यासंगं!" संदीपचं पुणं गळून पडलं. "मी तिथं, तू इथं, रात्री झोप येत नाई मले. कुठं नाल्यात पडून राह्यली तं कोनाले समजनार आहे?"

त्याचं काही चुकत नव्हतं. काकूंचंही चुकत नव्हतं. अशा वेळी ओट्यावर बसून राहणं फार अवघड जातं. मी चहाचे कप उचलून आत नेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाडकन आवाज आला. धावत गेले, तर अंगणात जीप गोठ्याच्या खांबाला मागून टेकलेली आणि काकू स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसलेल्या. कुणाला न सांगता एकदा शेवटचं करून बघितलं होतं. संदीप ब्रश तोंडात धरून बाहेर आला, तशा त्या म्हणाल्या, "आन तुही थे बिनक्लचची गाडी."

नवी गाडी आली. शाळेच्या मैदानावर रविवारी शिकवणी. डावा पाय मध्ये येतो म्हणून काकूंनी तो सीटवर दुमडून घेतला, अर्धी मांडी घातल्यासारखा. चुलीपुढे बसतात तशा बसून, उजवा पाय तेवढा खाली सोडून त्यांनी मैदानाला फेऱ्या मारल्या. उतरल्यावर मत दिलं, "हे तं मिक्सरवानी आहे. बटन दाबा, चटनी तयार." संदीप बऱ्याच दिवसांनी मनापासून हसला.

आणि खरं सांगते, तो हिवाळा फार चांगला गेला. पांदण कोरडी होती. नाल्यात गाडी एकेका गोट्यावरून अशी अलगद सरकायची, की काकूंना दहा मिनिटं गप्प बसवलं तिनं. पलीकडच्या काठावर गेल्यावर म्हणाल्या, "मानली बाप्पा. मलेबी इतकं नसतं जमलं." घाटी उतरताना मात्र त्यांचा जीव टांगणीला लागलेला असायचा. गाडीला खालच्या गिअरवर धरायची एक सोय होती, ती त्या वापरायच्या, तरी म्हणायच्या, "धरते, पन मनापासून नाई धरत." रोज सकाळी गल्लीतून गाडी निघायची, ती बगीच्यात संत्र्याची तोड चालू असेपर्यंत एकदाही चुकली नाही. काकूंच्या बोलण्यात जुनी धार आली. मुख्याध्यापक पुन्हा अर्ध्या क्लचवर आले. मलाही वाटलं, जमलं बुवा.

श्रावणात एका रविवारी आम्ही निघालो. दोन दिवस उघडीप होती, पांदण वरून वाळल्यासारखी दिसत होती, पण आतून ओली होती. गाडी चांगली चालली होती. काकू डावा पाय मांडीत घेऊन, हलक्या हातानं स्टिअरिंग धरून. मध्यावर आलो आणि इंजिनचा आवाज बदलला. गाडीनं आपला आपणच गिअर बदलला होता, दुसरं काही नव्हतं. पण काकूंच्या कानांनी तो आवाज आयुष्यभर एका अर्थानं ऐकला होता. गाडीचा दम तुटतोय, खालचा गिअर टाक. त्यांचा डावा हात दांड्याकडे झेपावला.

गाडी गपकन थांबली. मी डॅशबोर्डवर आपटता आपटता वाचले. मग इंजिन रडायला लागलं. काकू उजव्या पायानं जोर देत होत्या आणि गाडी जागच्या जागी थरथरत होती.

"काऊन नाई चालून राह्यली बे तू? चाल! चाल न!"

"काकू, थांबा."

"मॅडम, फसली नाई, चाकं फिरूनच नाई राह्यले. काय झालं हिले?"

मी खाली वाकून पाहिलं. मांडीतला डावा पाय कधी सुटला, ते मलाही कळलं नव्हतं. क्लच समजून तो ब्रेकच्या रुंद पेडलवर पडला होता आणि सगळ्या ताकदीनं दाबून बसला होता. ज्या पायात जाणीव उरली नव्हती, त्याच पायात एवढा जोर.

"काकू, पाय काढा."

"उजव्यानं तं रेस देऊन राह्यली."

"तो नाही. पाय. ब्रेकवर आहे."

"कोनता पाय?"

मी नुसतं बोट दाखवलं. काकूंनी खाली पाहिलं. स्वतःच्याच पायाकडे कुणी असं बघताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, त्यानंतरही नाही. त्यांनी रेस सोडली, चावी फिरवली, मग वाकून दोन्ही हातांनी घोटा धरला आणि पाय उचलून बाजूला ठेवला.

गाडी खरं तर फसली नव्हती. चाकं चिखलात जेमतेम बसली होती, पुन्हा चालू केली असती तर निघाली असती. मी तसं म्हणालेसुद्धा. तुरीच्या शेतात कुणी तरी बैलांना हाकत होतं, त्याचा आवाज येत होता.

"आज पांदन होती म्हनून गाडी थांबली. घाटी उतरतानी असा ब्रेक लागला असता, तं गोट्यावरून सरळ नाल्यात गेलो असतो. अन तुमी बाजूले बसल्या होत्या."

"तसं झालं नाही ना काकू."

"मले समजलंच नसतं मॅडम. कायनं मेलो, थेबी समजलं नसतं."

मग त्या रडल्या. पदर तोंडात धरून, आवाज न करता. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, पण त्यानं काय होणार होतं? चिखलातून गाडी काढायला माणसं बोलावता येतात. त्यांच्या पायात जे उरलं नव्हतं ते आणून द्यायला मी कुणाला बोलावणार होते? मला त्या डॉक्टरचा राग आला, त्या जीपचा आला, सातपुड्याचासुद्धा आला. शेजारच्या शेतातला माणूस बोलावला, त्यानं गाडी गावापर्यंत आणून दिली. काकू मागच्या सीटवर बसून आल्या. चावी त्यांनी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "संदीपले फोन लावा. मले सांगता येनार नाई."

पुढचं सगळं भराभर झालं, आणि सगळं शहाणपणाचं होतं, हेच त्यातलं दुःख. बगीचा बटईनं, म्हणजे अर्ध्या वाट्यानं, एका कष्टाळू जोडप्याला कसायला दिला. गाडी संदीप पुण्याला घेऊन गेला. सिग्नलच्या गर्दीत ती फार सोयीची पडते म्हणे. जीप रफीकभाईंच्या गॅरेजमागे गेली. काकूंनी पुण्याला जायचं ठरलं. मुलगा रोज फोन करून विनवत होता, सून स्वतः येऊन आग्रह करून गेली. कुणाला दोष द्यावा असं एकही माणूस मला या गोष्टीत सापडत नाही. सापडलं असतं तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

जायच्या आदल्या दिवशी काकू म्हणाल्या, एकदा बगीचा पाहून येऊ. स्टँडवरून भाड्याची गाडी ठरवली. ड्रायव्हर तरुण होता, दुपारी त्याला शेगावची सवारी होती, हे त्यानं निघतानाच सांगितलं. त्यानं नाला बरा ओलांडला, घाटीवर खडखडाट केला. काकू वाटेत एक शब्द बोलल्या नाहीत. मी त्यांच्या तोंडून निदान एक तरी शिवी निघेल म्हणून वाट पाहत होते.

बगीचा चांगला ठेवला होता. आळी नीट केलेली, तण काढलेलं, फळ लागलेलं. बटईदाराची बायको हात पुसत आली, काकूंच्या पाया पडली, आंब्याखाली घोंगडी टाकली. एका झाडाचं पिकलं फळ तोडून तिनं काकूंपुढे धरलं.

"घ्या न काकू, गोड आहे या झाडाचं."

ते झाड काकूंनी लावलं होतं. ते गोड आहे की आंबट, हे त्यांना त्या बाईच्या जन्माआधीपासून माहीत असणार. काकूंनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "घेऊ?"

"घ्या बाप्पा, विचारता काय?" ती साधी बाई हसून म्हणाली.

काकूंनी संत्रं घेतलं आणि सावकाश सोलायला लागल्या. मला तिथे उभं राहवेना, मी विहिरीकडे तोंड करून डोळे पुसले. अजून फेरी मारायची होती, विहिरीत डोकावायचं होतं. तेवढ्यात रस्त्याकडून हॉर्न वाजला. एकदा, मग पुन्हा, लांबलचक. पाठोपाठ त्या पोराची हाक आली, "काकू, चला न, मले उशीर होऊन राह्यला!"

मी तणतणत त्याला काही सुनावणार होते. पण काकूंनी माझा हात धरला होता. उठायला आधार म्हणून.

"आली, आली भाऊ," त्या म्हणाल्या, आणि अर्धं सोललेलं संत्रं मुठीत तसंच धरून, डावं पाऊल कुठे पडतंय ते खाली बघत बघत, भराभरा गाडीकडे चालायला लागल्या.